बोईसरला एका बाईला किती लागतं

विटा
२ जून २०२५

आत्यांना वर्षाराणीचा नमस्कार.

पॅकिंगच्या मशिनीनं तुमचे कान घालवल्यापासून आपलं फोनवरचं बोलणं म्हणजे अख्ख्या आळीला दवंडी. म्हणून पत्र लिहितेय. पत्र कोण उघडून बघतंय आजकाल!

बातमी अशी, की तुमच्या तारापूर एमआयडीसीत एका औषध कंपनीच्या लॅबमध्ये मला नोकरी लागली आहे. हातात बावीस हजार. एक जुलैला हजर व्हायचंय. इथं डेअरीत दुधाचं फॅट मोजून नऊ हजार मिळतात, आणि एवढं एम.एस्सी. करून लोक मला एकच प्रश्न विचारतात, कुणाच्या दुधात पाणी जास्त.

आप्पा हो म्हणत नाहीत आणि नाहीही म्हणत नाहीत. म्हणाले, "आक्का तीस वर्षं बोईसरात राहतीय. तिला विचार, एका माणसाला तिथं जगायला किती लागतं. ते बावीसातनं वजा कर आणि मग बोल." भाग्येशला पोलीस भरतीच्या अकॅडमीत जायचंय, त्यामुळे तो दिवसभर आरशासमोर दंड फुगवतो. आई नेहमीसारखी कामात. दोन वेळा म्हशीची धार काढते, डेअरीत दूध घालते, आणि दुधाचं बिल आप्पांच्या खात्यावर जमा होतं.

मी इथंच राहिले तर दिवाळीनंतर माझं लग्न उरकायचं ठरतंय. दोन स्थळं सांगून आलीत. एकानं विचारलं, मुलगी धार काढते का.

तेव्हा आत्या, माझं जाणं आता तुमच्या पत्रावर आहे. भाडं, पाणी, किराणा, रिक्षा, सगळं लिहा.

तुमची,
वर्षाराणी

*

बोईसर
९ जून २०२५

चि. आनंदा, सौ. शालन, चि. भाग्येश आणि चि. वर्षाराणी यांस मैनाबाईचे अनेक आशीर्वाद.

वर्षाराणी, पत्र पोचलं. नोकरी लागली, आनंद झाला. पण इथल्या महागाईचं विचारशील तर बोलायची सोय नाही. साधी खोली आठ हजाराच्या खाली मिळत नाही, वर डिपॉझिट पन्नास हजार. नळाचं पाणी खारट, पिता येत नाही. प्यायच्या पाण्याचा जार शंभर रुपये, आणि उन्हाळ्यात एक दिवसही पुरत नाही. खारट पाण्यानं साबणाला फेस येत नाही, म्हणून साबण दुप्पट लागतो. कारखान्यांच्या धुरानं कपड्यांना वास येतो, म्हणून कपडे दोनदा धुवावे लागतात, म्हणून परत साबण. घरातला वास जायला उदबत्ती लागते, तीही चांगल्यातली. रिक्षा जाऊन येऊन दोनशे. ज्वारी तर सोन्याच्या भावानं. आपल्यासारख्या भाकरी खाणाऱ्या माणसाचं इथं काही खरं नाही.

सगळं धरून एकवीस हजार कुठं जात नाहीत. एखादं आजारपण आलं तर उसने घ्यावे लागतील.

बाकी सर्व ठीक. थोरामोठ्यांना नमस्कार सांगणे.

मैनाबाई

*

विटा
१६ जून २०२५

आत्या,

नमस्कार लिहायचं माझ्या जिवावर आलंय, तरी लिहिते. नमस्कार.

आपल्या घरी लग्नपत्रिका आणि लाईटबिल सोडून पत्र आलं ते कित्येक वर्षांनी. पोस्टमननं आप्पांच्या हातात दिलं. आप्पांनी बाहेरच्या सोप्यात बसून भाग्येशला मोठ्यानं वाचायला लावलं. शेजारची चार माणसं येऊन टेकली. उदबत्तीच्या वाक्याला सगळा सोपा हसला. मग आप्पांनी बोटांवर मोजलं आणि म्हणाले, "बावीसातनं एकवीस गेलं, ऱ्हायलं एक. एका हजारासाठी पोरगी सव्वाशे-दीडशे कोसावर? झालं, विषय मिटला."

विषय माझा होता, आत्या. मिटवला तुम्ही.

आमच्या डेअरीच्या टँकरवाल्याचा मेव्हणा बोईसरलाच कामाला आहे. मी त्याला फोन लावून विचारलं. पाण्याचा जार तीस रुपयांना मिळतो आणि शेअर रिक्षाला वीस लागतात. आठ हजारांत म्हणे चांगला फ्लॅट येतो, त्याला गॅलरीसुद्धा असते. मी त्याला म्हटलं, मग आमच्या आत्या कुठल्या बोईसरात राहतात?

मी तुमच्या गळ्यात पडेन अशी भीती वाटली का? तसं असेल तर स्पष्ट सांगायचं. मी तुमच्या दारात उभी राहणार नव्हते. लहानपणी तुम्ही सुट्टीत यायचात तेव्हा या घरात माझ्या बाजूनं बोलणारं एक माणूस आहे असं मला वाटायचं. ते चुकीचं होतं एवढं तरी लिहा, म्हणजे मी वाट बघायची थांबते. उत्तर घरी पाठवू नका. डेअरीचा पत्ता पाकिटावर मागे घातलाय.

वर्षाराणी

*

बोईसर
२० जून २०२५

माझी गुणाची वर्षा,

तुझं पत्र वाचून मी आधी हसले, मग रडले, मग माझ्या खानावळीचं कालवण करपवलं. आज माझ्या वीस गिऱ्हाइकांनी करपलेलं वांगं तुझ्या नावानं खाल्लं.

अगं वेडे, ते पत्र तुला नव्हतंच. तुझ्या घरी पत्र आलं की आधी कोण वाचणार हे मला माहीत नाही होय? आनंदा माझाच धाकटा भाऊ. ते पत्र त्याच्यासाठी होतं.

आता ऐक. तुझे मामा, म्हणजे माझे मालक गेले आणि मी पॅकिंगला लागले, तेव्हा आनंदानं मला हेच विचारलं होतं. आक्का, किती मिळतात आणि किती लागतात? मी भोळी. तांदूळ किती, रॉकेल किती, सगळं खरं लिहिलं. त्यानं वजाबाकी केली आणि कळवलं, एवढे उरतात, तेवढे दर महिन्याला पाठव, घरावर स्लॅब टाकायचाय. तो स्लॅब झाला, मग विहीर, मग अजून काही. अकरा वर्षं. चिंचणीचा समुद्र माझ्या खोलीपासून एका रिक्षाच्या अंतरावर, पण मी अकरा वर्षं तो बघितला नाही. समुद्र बघायच्या पैशाला आनंदाच्या वजाबाकीत जागाच नव्हती. साध्या भज्यांनासुद्धा नव्हती.

म्हणून मी ठरवलं, माझ्या भाचीच्या पगारातनं त्याला वजाबाकी करायला काही ठेवायचंच नाही. खर्च असा चढवायचा की तो मागायलाच नको. पण चढवताना माझा हात सुटला बघ. तो मागणार नाही एवढ्यापर्यंतच जायचं होतं, आणि मी तो तुला पाठवणारच नाही इथपर्यंत गेले. उदबत्ती तर उगीचच घातली. लिहिताना मजा यायला लागली होती.

आता खरं सांगते. जाराचं आणि रिक्षाचं तुला कळलंच आहे. खोलीचं अवघड आहे, पण भाड्यामुळे नाही. एकट्या पोरीला इथं खोली देत नाहीत. फॅमिली आहे का विचारतात, आणि तू म्हणजे फॅमिली नव्हे. पण माझ्याबरोबर पॅकिंगला असलेली नवसी बेटेगावची. तिनं स्वतःच्या वाडीत चार खोल्या बांधल्यात आणि चारही बायकांनाच देते. तुझं सांगितलं तर म्हणाली, "पोरीला पाटव. आमी हाव ना. भाडा दोन दिस मागंपुढं झाला तरी चालंल, पर रूम मी बाप्याला देत नाय." भाडं अडीच हजार. तुझी कंपनीही तिथनं जवळ.

ज्वारी मात्र खरंच महाग आहे, ते खोटं नव्हतं. आपली माणसं इथं येऊन इथंच चुकतात. ज्वारी तिकडची, शेंगदाणा तिकडचा, चटणी तिकडची, आख्खं विटा उचलून बोईसरात मांडायला बघतात आणि मग महागाई म्हणून रडतात. तू तांदळाची भाकरी शीक. नवसी शिकवेल.

ये. कुणी काही म्हणो, ये.

तुझी,
आत्या

*

विटा
२० जून २०२५

आक्कास आनंदाचा नमस्कार.

तुझं पत्र चार माणसांत भाग्येशनं वाचून दाखवलं. एवढा खर्च ऐकून मी नकोच म्हणलं होतं. पण वर्षाराणीनं जेवण सोडलंय, आणि भाग्येशच्या अकॅडमीची फीही भरायचीय. रात्रभर विचार केला आणि वाट सापडली.

पोरीनं तुझ्याकडंच ऱ्हायचं. मग भाडं नाही आणि डिपॉझिट नाही. पाणी तुझ्याकडंच पिणार. जेवण तुझ्या खानावळीत, वीस माणसांत एक ताट जड न्हाई. ऱ्हाता ऱ्हायला साबण. साबण, रिक्षा, वरखर्च मिळून पाच हजार तिला ठेवून बाकी सतरा हजार दर महिन्याला इकडं लावायचे. म्हंजे भाग्येशचं एक वर्ष निघतं, तुलाही सोबत होईल. सगळ्यांचंच भलं.

एवढं तुझं 'हो' आलं की २९ तारखेला मी स्वतः पोरीला आणून सोडतो. नायतर पाठवायची नाही, हे नक्की.

आनंदा

*

बोईसर
२३ जून २०२५

चि. आनंदास मैनाबाईचे आशीर्वाद.

हेही पत्र सोप्यात बसून मोठ्यानं वाचून घे. भाग्येशलाच सांग. भरतीत आवाजही खणखणीत लागत असेल.

वर्षाराणीला माझ्या घरात जागा नाही.

घर मोठं आहे. एक खोली रिकामी पडलीय, तिच्यात खानावळीचे कांदे पसरलेत. कांदे तिथंच राहतील. तुझ्या मुलीचं अंथरूण मी तिथं घालू देणार नाही. सख्ख्या आत्यानं भाचीला दार लावलं, असं तू भावकीत सांगशील. सांग. आटपाडीच्या पाहुण्यांनाही सांग, आणि काही विसरलास तर मला कळव, मी भर घालीन.

तू मला दोनदा एकच प्रश्न विचारलास. पहिल्यांदा मी खरं लिहिलं आणि अकरा वर्षं भोगलं. दुसऱ्यांदा खोटं लिहिलं, तर त्यातूनही तू सतरा हजार काढलेस. शाब्बास आहे तुझी. म्हणून आता उत्तरच देत नाही. वर्षाराणीला बोईसरला किती लागतं हे तुझ्या सोप्याला कळायचं कारण नाही. ते तिला विचारायचं, आणि तिला वाटलं तरच ती सांगेल.

तू आता जिथं बसला आहेस तिथं वर मान करून बघ. तो स्लॅब पॅकिंगच्या पगाराचा आहे. परत मागत नाही. फक्त त्याच्याखाली बसून दुसऱ्या पोरीच्या पगाराची वाटणी करू नकोस.

मैनाबाई

*

विटा
२८ जून २०२५

आत्या,

हे पत्र आधी पोचेल की मी, सांगता येत नाही.

भाग्येशनं वाचायला सुरुवात केली आणि "माझ्या घरात जागा नाही" हे ऐकताच मी हातातलं काम टाकून सोप्याच्या दारात आले. पुढचं वाचताना त्याचाच आवाज बारीक होत गेला. स्लॅबचं आलं तेव्हा सोप्यातल्या चारही माणसांनी खरंच वर मान केली. आप्पांनी पत्र ओढून घेतलं, फाडलं, आणि म्हणाले, "आता ब्रह्मदेव आला तरी पोरगी जात न्हाई." माझी बॅग त्यांनी माळ्यावर टाकली आणि शिडी रानात नेऊन ठेवली.

तुम्ही दार का लावलंत ते मला त्या रात्री कळलं. मी तुमच्याकडे आले असते तर आप्पांच्या वजाबाकीतून बाहेर कधीच पडले नसते.

आता गंमत ऐका. परवापासून आई डेअरीत एकाऐवजी दोन किटल्या आणायला लागली. सेक्रेटरी म्हणाले, "काय शालनवहिनी, दूध वाढलं वाटतं?" आई म्हणाली, "व्हय, वाढलंय." दुसऱ्या किटलीत माझे कपडे होते. काल त्यात मार्कशिटा आल्या, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून. आज सकाळी शेंगदाण्याची चटणी आली आणि किटलीच्या तळाशी तिच्या भिशीचे पैसे. तिनं किटली उलटी करून दाखवली, की आता काही उरलं नाही, आणि घरी गेली.

उद्या सकाळी मी फॅट मोजायला म्हणून निघणार आणि एस.टी. स्टँडवर जाणार. चटणी आणतेय. विटा उचलून आणू नको म्हणालात, पण एवढं चालवून घ्या.

वर्षाराणी

*

बेटेगाव, बोईसर
५ ऑगस्ट २०२५

ती. आप्पांना वर्षाराणीचा नमस्कार.

मी पोचल्याचं कळवलं होतं, तुम्ही फोन घेतला नाहीत. म्हणून पत्र. हे चार माणसांत वाचलंत तर मला आवडेल.

माझा पहिला पगार झाला. मी नवसीमावशींच्या वाडीत राहते. खोलीला एक खिडकी आहे, किल्ली एकच आहे आणि ती माझ्याकडे आहे. दोन वेळचं आत्यांच्या खानावळीत जेवते, आणि आत्या माझ्याकडून बाकीच्या गिऱ्हाइकांइतकेच पैसे घेतात. पहिल्या दिवशी मला राग आला. दुसऱ्या दिवशी कालवणात मीठ कमी होतं तर मी हक्कानं बोलले, तेव्हा समजलं की त्या पैसे का घेतात. रविवारी मी स्वतः भाकरी करते, तांदळाची. उकड काढून मळावी लागते. माझी पहिली भाकरी तव्यावरच दुभंगली तर नवसीमावशी म्हणाल्या, "तुटली तं तुटली, खाशील तूच ना?"

हवेला वास येतो, पाणी खारट आहे, हे आत्यांनी खोटं लिहिलं नव्हतं. साबणाला खरंच फेस येत नाही. तरी मला इथं परवडतं. तुम्ही विचाराल, किती उरतात? ते मी लिहिणार नाही. चुकून राहिलं असं नाही, ठरवूनच लिहीत नाही. भाग्येशची फी मी भरणार नाही. त्याचे हातपाय माझ्यापेक्षा धड आहेत. घरात कुणी आजारी पडलं तर न मागता पाठवीन, तेवढी मी तुमची आहे.

पहिल्या पगाराच्या रविवारी मी, आत्या आणि नवसीमावशी चिंचणीला समुद्र बघायला गेलो. आत्यांनी दोन प्लेट भजी खाल्ली आणि पदर खोचून गुडघाभर पाण्यात जाऊन उभ्या राहिल्या. त्यांना हाका मारून उपयोग नसतो, ऐकू येत नाही. आम्ही दोघी काठावर चपला सांभाळत बसलो. तो सगळा खर्च मी केला. जाण्यायेण्याचा, भज्यांचा आणि शहाळ्याचा. दर महिन्याच्या खर्चात मी समुद्र धरलेला आहे, आप्पा, आणि तो वजा करायचा नाही.

वर्षाराणी

*

विटा
१४ सप्टेंबर २०२५

वर्षा,

मी आई. सातवीनंतर हातात पेन धरलं नव्हतं, अक्षर सांभाळून घे. डेअरीत तुझ्या जुन्या टेबलावर बसून लिहितेय.

तुझं पत्र ह्यांनी चारचौघांत वाचून घेतलं नाही. एकट्यानंच वाचलं आणि उशीखाली ठेवलं. मी दुपारी काढून वाचलं. मग परत तिथंच ठेवलं. मग परत काढलं.

या महिन्यापासून दुधाचं बिल माझ्या खात्यावर घालायला सांगितलंय. सेक्रेटरी म्हणाले, आनंदरावांना विचारलं का? मी म्हटलं, धार ते काढतात का? घरात दोन दिवस भांडण झालं. आता कुरकुरत का होईना, दोन वेळा जेवतात.

भाग्येशला धार काढायला शिकवली. भरतीला मनगटात जोर लागतो म्हणाला होता, म्हटलं ये इकडं, म्हशीपाशी भरपूर मिळतो. आधी चिडला, आता येते त्याला. तेव्हा म्हशीची काळजी नाही.

दिवाळीच्या आधी महिनाभर तुझ्याकडं येईन म्हणते. ह्यांना विचारलेलं नाही, सांगणार आहे. तुझ्या खोलीत एक बाई मावती का, नवसीबाईंना विचार. आत्याच्या खानावळीत माझ्या ताटाचे पैसे मी देणार. तांदळाची भाकरी मला येत नाही, पण तुटली तर खाईन.

बोईसरला एका बाईला महिनाभर किती लागतं ते खरं खरं लिही. भाडं, जेवण, पाणी, रिक्षा. आणि समुद्राचे किती, तेही लिही.

उत्तर घरी पाठवू नको. डेअरीच्या पत्त्यावर पाठव, माझ्या नावानं.

आई
सौ. शालन आनंदा